द्राक्षांच्या मुलखात मधुचंद्र

तुळशीचे लग्न आटोपले की खेड्यापाड्यांतून लग्नसराई सुरू होते आणि ती ज्येष्ठापर्यंत चालते. मांडव, जेवणावळी, आहेर, वाजंत्री आणि अलीकडे लग्नापूर्वीची छायाचित्रे यांवर शेतकरी कुटुंबाचा एका हंगामाचा पैसा पाहता पाहता खर्ची पडतो. पुष्कळ घरी तो कर्जाऊ काढलेला असतो. मात्र ज्या दोघांसाठी हा सारा समारंभ मांडला, त्यांच्या वाट्याला त्यातून काय आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माणसांनी भरलेल्या घरात नव्या सुनेला पतीशी दोन शब्द निवांतपणे बोलावयासही सापडत नाहीत. मधुचंद्र हा शब्द उच्चारताच वडीलधारी मंडळी एकतर हसतात किंवा नापसंती दर्शवितात. वास्तविक नवदांपत्याला कुलदैवताच्या दर्शनास, जेजुरीस किंवा वणीच्या गडावर, नेण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. त्या यात्रेत घरची दहा माणसे बरोबर असतात, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक लहान नाही, हे आम्हीही मान्य करतो.

चार दिवसांचा एकांत ही चैन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी कर्ज काढून दूरचे थंड हवेचे ठिकाण गाठण्याचेही कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांचा मुलूख या कामी फार सोयीचा आहे. तेथे शांतता व काटकसर या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळू शकतात. अट इतकीच की, उतरावयाचे ते बागाइतदाराच्या घरी, आणि जावयाचे ते वेलीचे पंचांग पाहून.

दिंडोरी, निफाड, चांदवड व नाशिक या तालुक्यांत द्राक्षाची लागवड पूर्वीपासून आहे. परंतु येथे वाइनसाठी पाहुणे येऊ लागले ते अलीकडे. अमेरिकेहून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुरू केलेल्या ‘सुला’ची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यात विंचूर येथे द्राक्ष वाइनसाठी उद्योग वसाहत उभी राहिली. शेनिन ब्लँक, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों ही परकी नावे तेथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली. मग 2008 नंतर मंदी आली. माल पडून राहिला, कित्येकांचे पैसे थकले, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा स्वतःच्या हाताने उपटून टाकल्या. उद्योग पुढे पुन्हा सावरला. आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून पाहुण्यांच्या मोटारी गंगापूरच्या रस्त्यावर रांगा लावतात. पण त्या पाहुण्याने खर्च केलेल्या पैशापैकी द्राक्ष पिकविणाऱ्याच्या घरी काय पोहोचते, याचा विचार झाला पाहिजे.

प्रथम जाणाऱ्या जोडप्याचे पाहू. त्याने वारांची निवड नीट करावी. शुक्रवारी सायंकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत वाइनरींच्या आवारात गर्दी असते, गाणीबजावणी असते आणि खोल्यांचे दरही चढलेले असतात. सोमवारी दुपारी पोहोचून गुरुवारी परतणाऱ्याला तोच परिसर शांत आणि स्वस्त मिळतो. मुक्काम बागाइतदाराकडे ठेवावा आणि वाइनरीस फक्त एक दिवस, तोही सकाळच्या वेळी, भेट द्यावी. द्राक्षे चिरडण्याचे यंत्र, रस आंबविण्याच्या पोलादी टाक्या, लाकडी पिंपांची थंड कोठारे हे सारे मार्गदर्शकाबरोबर फिरून पाहता येते. हंगामात गेल्यास पहाटे थंड वेळी तोडलेला माल येतानाही दिसतो.

आता हंगामाविषयी, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. पुष्कळ लग्ने एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि जोडपी हळद उतरण्यापूर्वी निघतात. परंतु एप्रिल हा खरड छाटणीचा महिना. त्या वेळी मांडवावर ओलांडे तेवढे उरलेले असतात आणि नवी फूट येत असते. छायाचित्रांत पाहिलेले हिरवे मांडव व लोंबते घड तेथे नसतात. वर ऊन असते ते वेगळेच. आषाढ-श्रावणात डोंगर हिरवे होतात, झरे वाहतात, बागेत पानोरा दाट असतो. घड मात्र नसतात. ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि तेथून पुढचे तीन महिने बागाइतदाराच्या डोळ्याला डोळा लागत नाही. भुरी आणि केवडा यांचा धाक, अवकाळी पावसाचे ढग, विरळणी, घड बुडविण्याचे काम, सर्व याच दिवसांत. जानेवारीच्या सुमारास मण्यांत पाणी उतरते, गोडी भरू लागते, आणि तेथून मार्चपर्यंत तोडणी चालते. जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा काळ आम्हांस सर्वांत चांगला वाटतो.

मे महिन्यात लग्न झालेल्यांनी मग काय करावे? थांबावे. लग्न व मधुचंद्र यांच्यामध्ये आठ महिने गेल्याने काहीही बिघडत नाही. उलट मधल्या काळात दरमहा दोन हजार रुपये बाजूस काढल्यास 16000 रुपये हाती येतात आणि सावकाराचे तोंड पाहावे लागत नाही. आठ महिन्यांत दोघांची ओळखही झालेली असते. एकमेकांस काय आवडते हे ठाऊक असलेली माणसे प्रवासास अधिक शहाणपणाने निघतात. या रकमेपैकी निम्मी मुक्काम व जेवणासाठी ठेवावी. चौथा हिस्सा प्रवास व स्थानिक वाहनासाठी. उरलेल्यातून वाइनरीची फेरी, थोडी खरेदी, आणि काही रक्कम न मोडता परत आणावी. मुंबईहून नाशिकरोडपर्यंत आगगाडीने जाणे स्वस्त पडते, पुण्याहून एस. टी. आहे. कडेच्या खेड्यांत बसगाड्या थोड्या असतात. म्हणून यजमानाशी आधी बोलून त्याच्याच ओळखीची रिक्षा किंवा जीप ठरवावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ 2026 च्या अखेरीस सुरू होऊन 2027 मध्ये त्याची मुख्य स्नाने आहेत. त्या पर्वकाळात एकांत शोधणाऱ्याने नाशिकची वाट धरू नये, हे सांगणे नलगे.

निफाडकडे राहणाऱ्यांनी नांदूरमधमेश्वर चुकवू नये. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील इंग्रजी अमदानीतल्या बंधाऱ्यामागे जे पाणथळ तयार झाले, त्याला 2020 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिलेच. थंडीत तेथे चक्रवाक, करकोचे आणि नाना जातींची बदके उतरतात. सूर्योदयापूर्वी शाल पांघरून तेथे बसावे. दोन माणसांनी तासभर काही न बोलता एकत्र बसण्यास याहून चांगली जागा आम्हांस ठाऊक नाही. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, तेव्हा गरम कपडे अवश्य न्यावेत. कडाक्याच्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवितात. तो धूर आणि ते लाल ठिपके दुरून सुंदर दिसतात. पण ती कोणाची तरी वर्षाची कमाई राखण्याची धडपड आहे, हे पाहुण्यांनी ध्यानी ठेवावे.

यजमान होऊ इच्छिणाऱ्या बागाइतदारांना आमचे सांगणे थोडे कठोर वाटेल. पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव, मोठे कर्णे, रंगीत दिवे यांत पैसा घालू नका. तो पैसा परत येत नाही, आणि ज्या शांततेसाठी माणसे येतात तीच त्याने नाहीशी होते. एक किंवा दोन स्वच्छ खोल्या, खोलीला लागून शौचकूप व न्हाणीघर, आतून नीट लागणारी कडी, धुतलेल्या चादरी, डासांची जाळी, पहाटे कढत पाणी. एवढे ज्याच्याकडे आहे त्याने आरंभ करावा. जेवण घरचेच द्यावे. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, थंडीत हुरडा, आणि जाताना ओंजळभर बेदाणे. शहरातील हॉटेलांचे पदार्थ बिघडवून वाढण्यापेक्षा हे शतपटीने बरे. मात्र ते रांधणाऱ्या गृहिणीच्या श्रमाचे मोल दरात धरा आणि तो पैसा तिच्या हाती द्या. आपल्याकडे हा हिशेब सोयीस्करपणे विसरला जातो.

एकांत देणे हे यजमानपणाचे सर्वांत अवघड अंग आहे. खेड्यात पाहुणा आला की शेजारची चार माणसे विचारपूस करावयास येतातच. मुलाबाळांचा घोळका खिडकीशी जमतो. आजीबाई नव्या नवरीस माहेरचे गाव, आडनाव, कूळ सारे विचारून घेतात. हेतू मायेचा असतो. परंतु पाहुणी संकोचते. कायद्याप्रमाणे ओळखपत्र पाहून वहीत नोंद करावी आणि तेथेच चौकशी थांबवावी.

दुसरी गोष्ट फवारणीची. हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो. त्याच्या आवाजाने पाहुण्यांची झोप मोडते, आणि औषधाचा तुषार वाऱ्याबरोबर खोलीपर्यंत येतो. म्हणून खोल्या बागेच्या कडेला न बांधता वाऱ्याच्या दिशेचा विचार करून अंतरावर बांधाव्या. छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावण्याच्या दिवसांत पाहुणे घेऊच नयेत. फवारणी झालेल्या बागेत त्यांना नेऊ नये. तोडणीपूर्व प्रतीक्षेचा काळ संपण्याआधी वेलीवरचा घड तोडून खाऊ देऊ नये, मग तो कितीही आग्रह करो. निर्यातीच्या मालासाठी आपण जी शिस्त पाळतो तीच घरी आलेल्या माणसासाठी पाळावयास हवी.

मद्याविषयीही लिहिणे भाग आहे. प्रस्तुत लेख वाइन प्यावी असे सांगण्यासाठी नाही. जोडप्यांपैकी पुष्कळांना ती नको असते, आणि द्राक्षांचा मुलूख तिच्यावाचूनही पाहता येतो. ज्यांना चव घ्यावयाची आहे त्यांनी वाइनरीच्या परवानाधारक जागेत, कायद्याने ठरविलेल्या वयाचा नियम पाळून, थोडकी घ्यावी. आणि परतीसाठी वाहन हाकणारा दुसरा असावा. परवान्यावाचून घरी वाइन गाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. ‘पाहुण्यांनी मागितली’ ही सबब तेथे चालत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात काय करावे? राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले आणि त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पण अर्ज, जमिनीचा उतारा, कागदपत्रे यांच्या भीतीने लहान बागाइतदार मागे राहतो आणि रस्त्याकडेच्या मोठ्या जागा पुढे जातात. आपल्या गावात अशा दोन-तीन कुटुंबांकडे जाऊन त्यांची खोली, शौचकूप व पाणी प्रत्यक्ष पाहावे, उणे असेल ते स्पष्ट सांगावे, आणि अर्ज त्यांच्यासमवेत बसून भरावा. ज्या घरात गृहिणीची मनापासून तयारी नाही, तेथे आग्रह धरू नये. हे काम पोळा ते दसरा या दरम्यान उरकावे. एकदा फळछाटणीला कात्री लागली की बागाइतदाराला कागदावर सही करावयासही उसंत नसते.