गादीतले खमीर

पूर्वी आमच्या मोहल्ल्यात पिंजारी यायचे. पिंजणाची तार वाजू लागली की घरोघरच्या गाद्या अंगणात येत. आता निकाहच्या सामानात फोमचीच गादी असते. वजनाला हलकी, दरवर्षी पिंजायला नको. पण ती कशाची बनते, हे आपण विचारत नाही.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. त्याचे रसायन 1937 साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधले. कारखान्यात पॉलिऑल आणि डायआयसोसायनेट ही दोन द्रव्ये एकत्र करतात. सोबत थोडे पाणी, उत्प्रेरक आणि बुडबुडे फुटू न देणारे सिलिकॉन. पहिली दोन एकमेकांत गुंफतात. पाण्याशी आयसोसायनेटची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. खमीर घातल्यावर नानचे पीठ फुगते, तेही याच वायूने. सरकत्या पट्ट्यावर ओतलेले मिश्रण काही मिनिटांत फुगून उभे राहते. आत इतकी उष्णता साठते की ताजे ठोकळे दूरदूर ठेवून निवू द्यावे लागतात, नाहीतर ते आतूनच पेटण्याचा धोका असतो.

दुकानदार ‘32 डेन्सिटी’ म्हणतो, तेव्हा एक घनमीटर फोमचे वजन 32 किलो असते. त्याच्या शंभर भागांत सुमारे 97 भाग हवाच. म्हणून तो मऊ, आणि म्हणूनच भडकन पेटणारा. कापूस बहुधा आधी धुमसतो. साधा फोम मात्र वितळत, ठिबकत काही मिनिटांत खोली धुराने भरतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. ज्वाला पोहोचण्याआधीच झोपलेला माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

फोमवर झोपू नका, असे आम्ही म्हणत नाही. पण पलंगाखाली डासांची अगरबत्ती, उशाशी मेणबत्ती, गादीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल, पडल्यापडल्या ओढलेली विडी, हे सारे बंद झाले पाहिजे. लोबानदाणीही पलंगापासून लांब असावी. गादी पेटलीच, तर सामान वाचवत बसू नये. मुलाबाळांना घेऊन, खाली वाकून बाहेर पडावे आणि मागे दार ओढून घ्यावे.

झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. तेव्हा गाद्या फोमच्या नव्हत्या. आज तर ती ताकीद अधिकच पाळायला हवी. आज रात्री दिवा मालवण्याआधी पलंगाखाली एकदा वाकून पाहू या.