साडेआठ की साडेबारा? थर्मल पेस्टच्या आकड्यांमागे किती धावायचं

उन्हाळा तोंडावर आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, कुठली पेस्ट घेऊ?' आणि विचारणाऱ्याने आकडे आधीच पाठ केलेले असतात. आर्क्टिक एमएक्स-४ ची उष्णतावाहकता ८.५, थर्मल ग्रिझली क्रायोनॉटची १२.५. मग साडेबारावाली दीडपट भारी, बरोबर ना?

नाही. का ते बघू.

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण बारकाईने पाहिलं तर दोन्ही खडबडीत. मधल्या फटींत हवा अडकते. तांब्याची वाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर हवेची जेमतेम ०.०२६. ही हवा हाकलायची, एवढंच पेस्टचं काम.

आता ढोबळ हिशेब. इंटेलचा कोअर आय९-१४९००के कंपनीच्याच आकड्यानुसार २५३ वॅटपर्यंत जातो, आपण २५० धरू. पेस्टचा थर ५० मायक्रॉन, आणि उष्णता झाकणाच्या मधल्या ३ चौरस सेंटिमीटरमधून जाते असं समजू. साडेआठवाल्या पेस्टमध्ये तापमानाचा फरक पडतो ४.९ अंश, साडेबारावालीत ३.३. म्हणजे महाग ट्यूबने वाचवले दीड अंश! आणि तीच महाग पेस्ट नीट दाब न बसल्याने १०० मायक्रॉन जाड राहिली, तर फरक ६.७ अंशांवर जातो, स्वस्तवाली जिंकली. थर किती पातळ बसतो हे पेस्टचा घट्टपणा आणि कूलरच्या स्क्रूंवर ठरतं, आणि डब्यावर त्याचा उल्लेखही नसतो.

खरा धोका खालच्या टोकाला आहे. वाहकता १ च्या आसपास असलेली बिननावाची पेस्ट याच हिशेबात ४२ अंश खाते. चांगली आणि उत्तम यांत दीड अंश, पण भिकार आणि चांगली यांत जमीन-अस्मानाचा फरक. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन भलताच मोठा आकडा छापलेली पुडी स्वस्तात दिसली, तर हा हिशेब आठवा. आकडा कुणीही छापू शकतं. तो मोजायची पद्धतही सगळ्यांची एकसारखी नसते. नॉक्टुआसारखी नावाजलेली कंपनी तर तो जाहीरच करत नाही, आणि तरीही तिची पेस्ट चांगल्यांत गणली जाते.

लिक्विड मेटलचं काय? कंडक्टोनॉटचा दावा ७३ चा आहे, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम अर्धा अंश. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ मध्ये लिक्विड मेटलच वापरलं. पण त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं, आणि हा द्रव विजेचा वाहक आहे. एक थेंब मदरबोर्डवर सांडला की खेळ खल्लास. चार अंशांसाठी पहिल्या पीसीवर हा जुगार मी तरी कुणाला सुचवणार नाही.

मला जास्त रस आहे तो हनीवेलच्या पीटीएम७९५० मध्ये. हा पातळ पॅड साधारण ४५ अंशांना मऊ होतो आणि फटींत पसरतो. लॅपटॉपमध्ये चिपवर झाकण नसतं. सतत तापून-थंड होऊन साधी पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि सहा-आठ महिन्यांत तापमान पुन्हा चढतं. हा पॅड तिथे टिकतो. त्याची वाहकता? तीच ८.५. (लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर प्लास्टिकला चिकटून फाटतो. नागपूरकरांनी मे महिन्यात तर नक्कीच.) नकलाही विकल्या जातात, तेव्हा बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आणि काही आजारांवर पेस्ट हे औषधच नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना बंद पडत होते. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की सदोष मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. पण जी चिप आधीच खराब झाली होती ती अपडेटनेही सुधरत नाही, मग पेस्टने कुठून सुधरणार? तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर ट्यूब मागवण्याआधी बायोस अपडेट करा.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये व्होल्टेज हाच मुख्य खलनायक आहे. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर त्याच वेगाला २१ टक्के जास्त उष्णता. उलट, ते थोडं कमी करून पाहिलं तर फुकटात मिळणारा फायदा कुठल्याही पेस्टपेक्षा मोठा असतो. खोलीचंही तसंच. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की प्रोसेसरही साधारण पंधरा अंशांनी चढतो.

तर, एखाद्या माहितीतल्या कंपनीची चार ग्रॅमची ट्यूब घ्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्ये वाटाण्याएवढा ठिपका द्या आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळा. उरलेल्या पैशांत कॅबिनेटला एक पंखा येतो.