यंदा एकच बहार धरा

३१ डिसेंबरची रात्र. शिर्डीत साईबाबांच्या दर्शनाला गर्दी उसळलेली, नगर-मनमाड रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि तिथून काही किलोमीटरवर राहात्यात आपण गोधडीत पाय खुपसून मोबाइलवर यादी टाइप करतोय. पहाटे पाचला उठणं. रोज पाच किलोमीटर पळणं. साखर बंद. रील्स बंद. रोज तीन तास एमपीएससी. मेडिटेशन. डायरी. 'न्यू इयर, न्यू मी'ची स्टोरी टाकली की झोपायला मोकळे!

मागच्या वर्षी माझ्या यादीत अकरा कलमं होती. ९ जानेवारीपर्यंत सगळी ढेपाळली. यादीत नसलेलं एकच काम मग मी वर्षभर नेमाने केलं, ते म्हणजे स्वतःला नावं ठेवणं. 'आपल्याच्याने काही होत नाही' हे वाक्य इतक्यांदा मनात म्हटलं, की फेब्रुवारीत मित्राने क्रिकेटला बोलावलं तरी गेलो नाही. म्हणजे तब्येत सुधारायला केलेल्या संकल्पामुळे होता तो खेळही सुटला. मित्रांनो, काळजीचं आहे ते हे. संकल्प मोडला याचं फार काही नाही. तो मोडल्यावर आपण आपल्याशी कसं वागतो, यावर पुढचं वर्ष ठरतं.

आता थोडं आपल्या पेरूकडे बघा. राहात्याचा पेरू सगळीकडे जातो, पण बागेत गेलाय का कधी? पेरूला वर्षात तीनदा फुलं येतात. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार. पण जाणता बागायतदार तिन्ही धरत नाही. बाजार, पाणी बघून एकच बहार धरतो. त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतो, म्हणजे विश्रांती. फळं दाटली तर विरळणी करतो. मी एकदा वडिलांना विचारलं, तिन्ही बहार घेतले तर तिप्पट पैसे नाही का होणार? ते म्हणाले, "अरे, झाड आहे ते, कारखाना नाही. सगळंच धरलं तर फळ बारीक राहतं आणि झाडही खचतं."

झाडाबद्दल आपल्याला हे कळतं. स्वतःबद्दल का कळत नाही?

शिवाय आपली यादी आपली असते का, हाही प्रश्नच आहे. 'पाच वाजता उठा' सांगणाऱ्याच्या घरी शेतीची लाईट रात्री येत नाही. आपल्यातले कितीतरी जण रात्री बारा वाजता मोटार चालू करून पहाटेपर्यंत पाणी भरतात आणि सकाळी लोणी नाहीतर कोपरगावची एसटी पकडतात. त्यांनी पाचला उठायचं म्हणजे झोपायचंच नाही. डिसेंबरच्या अंधारात हायवेच्या कडेने पळणं मुलींना सोडा, मुलांनाही सुरक्षित नाही. मग 'जमलं नाही' म्हणून रडायचं कशाला? ते ध्येय आपल्या मापाचं नव्हतंच.

दहा हजार पावलांचंही तसंच. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं भरभर चालणं. एसटी स्टँडपासून घरापर्यंत चालत जाणाऱ्यांचा यातला बराच हिशोब आधीच पूर्ण झालेला असतो!

'२१ दिवसांत सवय लागते' हेही तुम्ही ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितली, जेवणानंतर फळ खाण्यासारखी. २००९ मध्ये निष्कर्ष आले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस. कुणाला १८ पुरे झाले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. आणि एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे १० जानेवारीला खाडा झाला तर ११ तारखेला पुन्हा सुरू करायचं. बस्स.

तुम्ही म्हणाल, हे म्हणजे आळसाला लायसन्स! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण करून बघा. पाच किलोमीटर पळणं चुकलं तर थंडी, अभ्यास, पाव्हणे अशी हजार कारणं सांगता येतात. दहा मिनिटं चालणं चुकलं तर कुठलंच कारण पटत नाही. एकच बहार धरणारा शेतकरी आळशी नसतो. उलट धरलेल्या बहाराला तो जिवापाड जपतो.

मग यंदा करायचं काय? एकच गोष्ट निवडा. आपल्या घराच्या, एसटीच्या, परीक्षेच्या वेळापत्रकात बसेल अशी. कधी आणि कुठे करणार, तेही ठरवा. 'मोबाइल कमी वापरीन' नको, 'जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत' म्हणा. 'अभ्यास वाढवीन' नको, 'दुपारी लायब्ररीत पाऊण तास' म्हणा. आणि ताण द्यायला विसरू नका. आठवड्यातला एक दिवस काहीच न करण्याचा ठेवा, अपराधी न वाटता.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो संकल्पाचा विषय नाही. घरी कुणाशी, विश्वासातल्या सरांशी-मॅडमशी बोला, किंवा १४४१६ वर फोन करा. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मदत मागण्यात कमीपणा कसला?

माझं यंदाचं कलम सांगतो. संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर घरापर्यंत चालत जायचं, मोबाइल खिशात ठेवून. एवढंच. चुकलं तर दुसऱ्या दिवशी. अगदीच फसलं तर मार्च-एप्रिलमध्ये पाडवा आहेच की! आपलं नवं वर्ष तेव्हा पुन्हा सुरू होतं.

तुम्ही कोणता बहार धरताय?