टिटवीची मुदतठेव

पक्ष्यांचे फोटो काढायची हौस माणसाला खुशाल असावी. पण घरट्यात नाक खुपसणाऱ्याला मी तरी पक्षिप्रेमी म्हणणार नाही!

आमच्या गेवराईकडच्या माळावर टिटवी उघड्या मुरमावर चार अंडी घालते. बँकेच्या भाषेत, सुमारे २८ दिवसांची मुदतठेव. वैशाखाच्या उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणते अन् अंड्यांवर सावली धरते. तेवढ्यात हातभर लेन्स सावरत एक गृहस्थ सरपटत येतात. टिटवी उठून टाहो फोडते. साहेबांना वाटतं, काय झकास पोज देतेय! इकडे अंडी तापतात. फोटोला बक्षीस, ठेव बुडीत खाती.

वर म्हणतात, "आम्ही बंदूक थोडीच आणलीय?" अहो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बघा. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणं हीसुद्धा त्यात 'शिकार'च आहे.

हौस भागवायचीय ना? मग हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर जा. रोहित येतात, बदकं येतात. काठावर बसून रोल नाही तर कार्डं भरा. विणीच्या दिवसांत मात्र माळ सोडा. ठेवीदार ओरडत असताना त्याच्या ठेवीला हात लावू नये, एवढं आमच्या शाखेतल्या नव्या कारकुनालाही कळतं.