पाणवठ्यावर मोर जास्त दिसले, म्हणजे मोर वाढले का? नायगावच्या निमित्ताने समजून घ्या गणनेचं गणित

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगररांगेत नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. इथे मोर किती, हा प्रश्न साधा वाटतो. पण काठच्या शेतकऱ्याला मोर वाढलेत असं वाटतं, तर पक्षीप्रेमीला ते घटलेत असं. दोघंही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत असतात.

मचाणावरचा आकडा काय सांगतो?

राज्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राण्यांची नोंद केली जाते. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, चांदणं असतं, त्यामुळे प्राणी दिसतात. मात्र मोर दिवसाचा पक्षी. तो सकाळ-संध्याकाळ पाण्यावर येतो आणि अंधार पडला की झाडावर मुक्कामाला जातो. म्हणजे रात्रीची मोजणी मोरांसाठी मुळातच अपुरी.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ती टाळता येत नाही. दुष्काळी वर्षात दहापैकी आठ पाणवठे आटले, तर सगळे प्राणी उरलेल्या दोनवर येतील. तिथे बसलेल्याला संख्या वाढलेली दिसेल, प्रत्यक्षात ती घटलेली असली तरी. याउलट मेमध्ये वळवाचा एक पाऊस झाला, डबकी भरली, की मचाणावर शुकशुकाट. आकडा मोरांपेक्षा पाण्याबद्दल जास्त सांगतो.

मग अभ्यासक काय करतात?

नकाशावर आधीच सरळ रेषा आखतात आणि त्यावरून पहाटे चालतात. रेषा कुठेही, अगदी काटेरी झुडपातूनही गेली तरी बदलायची नाही. सोयीची पायवाट धरली की हिशोब बिघडला. मोर दिसला की तो किती मीटरवर आणि कोणत्या कोनात आहे ते लिहायचं. त्यावरून रेषेपासूनचं लंब अंतर निघतं (शाळेतली त्रिकोणमिती इथे कामी येते).

समजा, २ किलोमीटरच्या रेषेवर दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत पाहिलं. क्षेत्र झालं ०.२ चौरस किलोमीटर. त्यात १२ मोर दिसले, तर घनता चौरस किलोमीटरला ६०. पण जवळचे मोर दिसतात, लांबचे झुडपात लपतात. अंतर वाढेल तसं दिसण्याचं प्रमाण किती घटतं, हे नोंदींवरून काढून न दिसलेल्यांचा अंदाज मिळवतात. एका रेषेवरून ३० चौरस किलोमीटरचा आकडा काढणं मात्र चुकीचंच. डोंगरउतार, गवताळ माळ, शेतांची कड अशा प्रत्येक भागात रेषा हव्यात.

बिबट्याची मोजणी वेगळी का?

बिबट्या असा चालताना दिसत नाही. त्याच्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात, कारण त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगवेगळे असतात. पहिल्या फेरीत १० बिबटे ओळखले, दुसरीत ८ दिसले आणि त्यातले ४ आधीचेच निघाले, तर अंदाज १० × ८ ÷ ४, म्हणजे २०.

हे सूत्र एका अटीवर चालतं: मधल्या काळात कोणी बाहेर गेलेलं किंवा आत आलेलं नको. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली. पाठोपाठ सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यातही बळी गेले आणि डिसेंबरमध्ये तिथे एका बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आलं. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, हल्ले करणारा एकच की अनेक? पायाच्या ठशांवरून याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही. राजस्थानातील सरिस्कात ठशांच्या गणनेत वाघ कागदावर होते. २००५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं.

यंदाचा आकडा वाचताना

किती पाणवठ्यांवर माणसं बसली होती, त्यांपैकी किती कोरडे होते, आधीच्या आठवड्यात पाऊस झाला होता का आणि मागच्या वर्षी पाणवठे तेच होते का, हे बातमीत शोधा. ते नसेल, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.