निवृत्तिवेतन लवकर घ्यावें काय?

अकोल्याच्या एका खाजगी जिनांतील नोकरी सुटलेला आमचा जुना विद्यार्थी परवां अमरावतीस आला. वय ५७. निवृत्तिवेतन आतांच घ्यावें, तर थोरले बंधु अडवितात. म्हणे, कपात जन्मभर राहील.

बंधूंचें म्हणणें खोटें नव्हे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेंत पूर्ण वेतनाचें वय ५८; दहा वर्षें सेवा भरून नोकरी सुटल्यास ५० पासून मिळतें, पण दर वर्षामागें शेंकडा ४ कमी, तेंहि कायमचें.

तथापि गणित मांडावें. ३००० चे २८८० होतात. वर्षभर थांबल्यास ३४,५६० रुपये सुटतात. ते दरमहा १२० नें भरून येण्यास २४ वर्षें लागतील! पुन्हां नोकरी लागून सेवा वाढणार असेल, तर गोष्ट निराळी. त्यास ती आशा नव्हती. १०-डीचा अर्ज त्यानें आमच्याच ओटीवर भरला.