एकट्याला खोली मिळेल का?

विशी-बाविशीतली मुले-मुली हल्ली आईबापांचे बोट सोडून प्रवासाला निघतात, ही गोष्ट मला मनापासून आवडते. गाडीचे तिकीट ती चहाचा कप संपेपर्यंत काढून मोकळी होतात. अडते ते मुक्कामापाशी. खिशात मोजके पैसे, मग मोबाइलवर खोल्यांच्या भावांची चढती भाजणी लावायची आणि सगळ्यांत वरची खोली पसंत करायची, असा बहुतेकांचा शिरस्ता. बँकेतली वर्षे खतावण्या पडताळण्यात गेल्यामुळे मला या हिशेबातली एक बाजू कोरी दिसते.

समजा, मालवणला जायचे आहे. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचे. पुढे मालवण पंचवीस-तीस किलोमीटर. गावाबाहेरच्या वाडीत दोनशे रुपयांनी स्वस्त खोली मिळाली म्हणून मुले खूश होतात. गाडी रात्री पोहोचते, शेवटची एसटी गेलेली असते आणि ते दोनशे रुपये, वर आणखी काही, रिक्षावाल्याच्या हातावर पडतात. जवळपास खानावळ नाही, म्हणजे जेवायला रोज दोन फेऱ्या. खोली, जेवण आणि येणे-जाणे यांची बेरीज करावी, मगच मुक्काम स्वस्त की महाग ते ठरवावे. कोकणात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. तिथली खोली दिसायला चार पैसे महाग, पण ताटात गरम भात-आमटी आणि सोलकढी पडते, नि रात्री उशीर झाला तर घरातली आजी ‘कुठे होतास रे?’ म्हणून विचारते. काहींना ही चौकशी जाचते. जाचू दे.

कराचाही विचार हवा. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जुलै २०२२पर्यंत जीएसटी नव्हता. मग १२ टक्के आला आणि सप्टेंबर २०२५मध्ये तो ५ टक्क्यांवर उतरला. तेव्हा सांगितलेला दर करासकट की कराविना, हे आधी विचारलेले बरे. पहाटेची गाडी गाठायची असेल, तर स्टेशनातली रिटायरिंग रूम किंवा तिथली डॉर्मिटरी पाहावी; तिकीट मात्र कन्फर्म किंवा आरएसी हवे.

तरुणांसाठी म्हणून वेगळा निवारा असावा, ही कल्पना एका शाळामास्तराची. १९०९ साली रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळात सापडला आणि सर्वांनी रात्र एका गावच्या शाळेत काढली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथे फिरत्या मुलांनी का झोपू नये, असे त्याच्या मनात आले. १९१२मध्ये आल्टेना इथल्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे यूथ होस्टेल निघाले. आपल्याकडेही पणजीजवळ मिरामारला सरकारी यूथ होस्टेल आहे. गोव्यात खाजगी होस्टेलेही पुष्कळ. तिथे खोलीऐवजी कॉटचे भाडे द्यायचे. सामानाला कुलपाचा कप्पा आहे का आणि मुलींची खोली वेगळी आहे का, एवढे पाहून जावे.

पण आपल्या देशाला स्वस्त मुक्कामाचा धडा जर्मनीकडून घ्यायची गरज नव्हती. अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा बांधल्या. शेगावचे भक्तनिवास आजही माफक दरात स्वच्छ खोली देते. मात्र कित्येक धर्मशाळांच्या खिडकीवर एक उत्तर ठरलेले असते: ‘एकट्याला खोली देत नाही.’ कारण विचारले तर, एकटा माणूस आत जिवाचे काही बरेवाईट करून घेईल, मग पोलिसांचे लचांड नको, असे सांगतात. भीती अगदीच निराधार नाही, हे मी मान्य करतो. पण तिचा भुर्दंड पडतो तो परीक्षेला किंवा मुलाखतीला परगावी आलेल्या, अथवा नुसत्याच भटकायला निघालेल्या पोरावर. मुलगी असेल तर तिच्याकडे आधी संशयाने पाहिले जाते, आणि अंधार पडल्यावर तिला जे पहिले बरे लॉज दिसेल तिथे दुप्पट पैसे मोजावे लागतात. यात्रेकरूंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतींनी तिला दारातून परत पाठवावे, हे मला पटत नाही.

बंद खोलीची भीती असेल तर खोली देऊ नका, सामायिक दालनातली कॉट द्या. तिथे एकटा माणूस एकटा राहतच नाही. मे महिन्यात जिल्ह्याच्या गावची विद्यार्थी-वसतिगृहेही बरीचशी ओस पडतात. कॉट, नळ, संडास, सगळे तयार असते. ओळखपत्राची प्रत नि घरचा फोन नंबर लिहून घ्यावा, मुलींना वेगळा मजला द्यावा, एक रखवालदार ठेवावा आणि दर दारावर ठळक अक्षरांत लावावा. विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत एवढा एक विषय घ्यावा. तोवर घरातून निघण्यापूर्वी भक्तनिवासाला फोन करून मुलांनी स्पष्ट विचारून घ्यावे, आणि ज्याने होकार दिला त्याचे नाव वहीत टिपून ठेवावे.